शब्दाची मालकी कोणाची?

आपल्या मंडळींत गाझाचा विषय निघाला आणि कोणी ‘जेनोसाइड’ म्हणाले की दोनच प्रकार दिसतात. एकजण म्हणतो, हा शब्द आपल्या साठ लाखांचा, इतरांनी त्याला हात लावू नये. दुसरा जिथे बॉम्ब पडेल तिथे तोच शब्द चिकटवितो. मला दोन्ही पटत नाही.

शब्द घडविणारे राफाएल लेमकिन हे पोलंडचे यहुदी वकील. 1941 साली सैबेरिया ओलांडून ते जपानमार्गेच अमेरिकेस गेले. त्याच सुमारास सुगिहारांच्या व्हिसावर आलेले निर्वासित आमच्या या कोबेत दिवस काढीत होते. 1944 च्या ग्रंथात लेमकिननी तो शब्द प्रथम छापला. पण त्यांच्या मनात आर्मेनियनांची कत्तल कितीतरी आधीपासून होती. मग मालकी सांगणारे आपण कोण?

मराठी वर्तमानपत्रे सरसकट ‘नरसंहार’ लिहितात, तिथे घोटाळा होतो. 1948 च्या कराराचे दुसरे कलम नुसती प्रेते मोजीत नाही; एखादा राष्ट्रीय, वांशिक वा धार्मिक गट, गट म्हणून, पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. विद्वानांचे भांडण याच हेतूवर. (हेतू कोण कागदावर लिहून देतो?) बोस्नियातील एवढ्या कत्तलींपैकी हेगच्या न्यायालयाने 2007 साली फक्त 1995 च्या स्रेब्रेनिकाला तो शब्द लावला. कंबोडियात 2018 साली शिक्षा झाली ती चाम मुसलमान व व्हिएतनामी लोकांबद्दल. लाखो ख्मेर मेले, ते व्याख्येबाहेर राहिले. व्याख्या फार अरुंद आहे असे म्हणणारे अभ्यासक आहेत, ते उगाच नव्हे.

7 ऑक्टोबर 2023 च्या हल्ल्यानंतर गाझाचे युद्ध झाले. डिसेंबर 2023 मध्ये दक्षिण आफ्रिका हेगला गेली. ऑगस्ट 2025 मध्ये जेनोसाइड-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघाने इस्राएलची कृती व्याख्येत बसते असा ठराव केला. इस्राएलने तो फेटाळला, अनेक अभ्यासकांनीही विरोध केला. ठराव म्हणजे निकाल नव्हे, हे मान्य. पण ठराव न वाचताच शिव्या देणाऱ्यांना काय म्हणावे?

मी जन्मभर वॉर्डात काम केले. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत आम्ही सलाइन अडवून ठेवीत नसू. 2007 च्या त्याच निकालात म्हटले आहे की गंभीर धोका कळताच तो टाळण्याचे कर्तव्य सुरू होते. सर्बियाने स्वतः तो गुन्हा केला असे न्यायालयाने मानले नाही, पण रोखला नाही म्हणून दोषी ठरविले. तेव्हा नाव ठरेपर्यंत अन्न-औषध अडवणे कोणत्याच बाजूने खपवून घेऊ नये.

इस्राएलने हा करार 1950 साली स्वीकारला, भारताने 1959 साली. ज्या जपानात मी राहते त्याने 2007 साली आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात प्रवेश केला, पण हा करार अजून स्वीकारलेला नाही. त्याबद्दल मात्र इथे आपल्यापैकी कोणी अवाक्षर काढीत नाही.