पिंजऱ्यातला झोपाळा नक्की कुणासाठी?

कट्ट्यावर एखाद्याची फजिती झाली की आपण सहज म्हणतो, "याचा पोपट झाला!" पाठ करून बोलणाऱ्याला पोपटपंची करणारा म्हणतो. आणि कुणाच्या हाताखाली दबलेल्या संस्थेला 'पिंजऱ्यातला पोपट' म्हणायची उपमा तर 2013 मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयसाठी वापरली. भाषेत पोपट इतका मुरलेला, पण ओसरीवर टांगलेल्या पिंजऱ्यातला तो खरा पक्षी दिवसभर काय करतो, हे आपण कधी पाहिलंय का?

घाटनांदूरच्या स्टेशनवरून परळीकडे किंवा लातूर रोडकडे जाणारी गाडी पकडणारे, एसटीने अंबाजोगाईला कॉलेज गाठणारे तुमच्यापैकी बरेच जण असतील. घरी पिंजरा असेल तर सकाळी दाणे टाकायचे, पाणी भरायचं आणि बस पकडायची. परत यायला संध्याकाळ. मधले आठ-दहा तास त्या पक्ष्याला एक दांडी, एक वाटी आणि चार बाजूंना गज. सुट्टीच्या दिवशी आपल्यालाच वाईट वाटतं, मग बाजारातून रंगीत झोपाळा, छोटा आरसा आणि घुंगराचा गोळा आणतो. पिंजरा छान दिसतो, मोबाईलवर स्टेटस लागतं. पण हे सगळं आपल्या डोळ्यांना आवडलं म्हणून आणलेलं असतं. पक्ष्याला काय हवंय, हा प्रश्न विचारायचा राहूनच जातो.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पिंजऱ्यात आपला हिरवा, लाल चोचीचा, गळ्याला कंठ असलेला राघू असेल तर खेळणी आणण्याचा विषयच उरत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार हा पक्षी पाळणं, पकडणं, विकणं गुन्हा आहे. "आमच्या आजोबांपासून घरात मिठू आहे" हे कायद्यापुढे उत्तर होत नाही. गंमत बघा, ज्वारी हुरड्यावर आली की याच राघूंच्या थव्यांवर आपण गोफण चालवतो आणि त्यांच्याच ढोलीतलं पिल्लू काढून घरी 'विठू विठू' शिकवतो. रानात शत्रू, घरात लाडका. त्याच्या वाट्याला दोन्हीकडे आपलीच मर्जी. असा पक्षी घरात असेल तर घाईने पिंजऱ्याचं दार उघडून सोडूनही देऊ नका. वर्षानुवर्षं कोंडलेल्या पक्ष्याला चारा शोधणं, मांजर-शिकऱ्यापासून वाचणं जमत नाही. वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करा आणि तो त्यांच्या ताब्यात द्या.

मग उरतात ते परदेशी पक्षी. आपल्याकडे दुकानात 'लव्ह बर्ड्स' म्हणून जे छोटे हिरवे-निळे-पिवळे पक्षी मिळतात, ते बहुतेक वेळा बजरीगर असतात. मूळचे ऑस्ट्रेलियाचे. तिथल्या कोरड्या माळरानात हे थव्याने फिरतात, पाण्याच्या आणि गवताच्या बियांच्या मागे मैलोन् मैल उडतात. 1840 मध्ये जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञाने ते इंग्लंडला नेले आणि तिथून ते जगभरच्या पिंजऱ्यांत पोहोचले. हे पाळायला बंदी नाही. पण कायद्याने परवानगी दिली म्हणून जबाबदारी संपत नाही. प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणाऱ्या 1960 च्या कायद्याने, हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात प्राणी कोंडणं हाही गुन्हाच ठरवला आहे.

आता खेळण्यांकडे येऊ. रानातल्या पोपटाचा दिवस पोट भरण्यातच जातो. फांदी शोधायची, शेंग फोडायची, साल सोलायची, शेजाऱ्याशी भांडायचं. पिंजऱ्यात तेच जेवण वाटीत दहा मिनिटांत संपतं. बाकीचा वेळ त्या चोचीने आणि त्या डोक्याने काय करायचं? हे डोकं साधं नाही. आयरीन पेपरबर्ग या संशोधक बाईंचा ॲलेक्स नावाचा आफ्रिकन करडा पोपट रंग, आकार ओळखायचा आणि सहापर्यंत वस्तू मोजायचा. अशा जातीच्या पक्ष्याला रिकामं बसवलं तर तो स्वतःचीच पिसं उपटायला लागतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2003 मध्ये ॲमेझॉन जातीच्या तरुण पोपटांवर केलेल्या अभ्यासात दिसलं, की खाणं शोधून मिळवायची सोय आणि पिंजऱ्यात चढण्या-कुरतडण्याच्या वस्तू दिल्या तर पिसं उपटणं टळतं आणि सुरू झालेलं कमीही होतं. म्हणजे खेळणं हे पक्ष्याचं काम आहे, आणि ते आपण हिरावून घेतलेलं असतं.

चांगली गोष्ट अशी, की हे काम द्यायला पैसे लागत नाहीत. बाजरीचं किंवा ज्वारीचं अख्खं कणीस दाण्यांसकट टांगा, तो उलटा लटकून एकेक दाणा काढेल. मक्याच्या कणसाची पानं, नारळाची करवंटी, जुन्या वहीची कोरी पानं घडी घालून आत चार दाणे लपवलेले, कडुलिंबाची किंवा पेरूची सालीसकट फांदी, हे सगळं चालतं. एवढंच, की कपाशी-सोयाबीनच्या फवारलेल्या बांधावरून फांदी तोडू नका आणि आणलेली नीट धुऊन घ्या. कण्हेर तर अजिबात नको, ती विषारी आहे.

काय नको तेही लक्षात ठेवा. घुंगराच्या फटीत बोट किंवा चोच अडकते. लांब दोरा, नायलॉनची सुतळी, चिंध्या पायाला गुंडाळतात. जस्ताचा मुलामा दिलेली तार आणि शिसं पोटात गेलं तर विषबाधा होते, म्हणून टांगायला स्टीलची कडी वापरा. आरसा तर खास: एकटा बजरीगर त्यातल्या प्रतिबिंबाला जोडीदार समजतो, तासन् तास त्यालाच चारायला बघतो. त्याला आरशाऐवजी खरा सोबती हवा. ठेवायचे तर दोन ठेवा.

मांडणीचं गणितही सोपं आहे. पिंजरा उंचीपेक्षा लांबीला मोठा घ्या, कारण हे पक्षी आडवे उडतात. मधली जागा उडायला मोकळी सोडा आणि खेळणी कडेला लावा. एका वेळी दोन-तीन पुरेत. आठवड्याने एक काढून दुसरं लावलं की नवलाई टिकते. खाण्या-पिण्याच्या भांड्यांवर काही टांगू नका, विष्ठा त्यातच पडते. एकसारख्या गुळगुळीत प्लास्टिकच्या दांड्या काढून कमी-जास्त जाडीच्या फांद्या बसवा, पायांना व्यायाम होतो. सगळ्यात उंच फांदी झोपेसाठी, तिच्याजवळ गजबज नको. नवीन वस्तू एकदम आत कोंबू नका. दोन दिवस पिंजऱ्याबाहेर त्याला दिसेल अशी ठेवा, भीती गेली की आत. आणि मे महिन्यात पिंजरा पत्र्याखाली टांगला असेल तर ही सगळी मेहनत वाया. आधी तो सावलीत, भिंतीच्या आडोशाला हलवा, आंघोळीला उथळ ताटली द्या.

हे सगळं वाचून "एवढं कोण करणार?" असं वाटलं असेल, तर तो प्रश्न पक्षी घेण्याआधी पडायला हवा. तुमची पदवी तीन-चार वर्षांची. नंतर पुणे, संभाजीनगर, स्पर्धा परीक्षा, नोकरी. बजरीगर पाच ते आठ वर्षं जगतो, मोठे पोपट तर कित्येक दशकं. तुम्ही गेल्यावर तो पिंजरा आईच्या कामांत भर घालणार, आणि तिला तर कुणी विचारलेलंच नसतं.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच: घरात पक्षी नसेल तर विकत आणू नका. घाटनांदूरच्या शिवारात वडा-पिंपळावर राघूंचे थवे फुकट दिसतात, तिकडे मान वर करून बघा. पण पक्षी आधीच घरात असेल तर येत्या रविवारी झोपाळा आणि आरसा काढा, एक कणीस टांगा आणि अर्धा तास समोर बसून बघा तो काय करतो. हे पान वाचून झालं की पिंजऱ्याच्या तळाशी अंथरलंत तरी आमची हरकत नाही.