सुट्टे नाहीत, म्हणून हक्कही नाही?

"सुट्टे नाहीत" एवढं म्हटलं की समोरच्याचा रुपया, दोन रुपये आपोआप आपले होतात, अशी आपल्या बाजाराची समजूत आहे. घोटावड्यातलं किराणा दुकान असो, फाट्यावरची टपरी असो की पिरंगुटचं मेडिकल. बिल अठ्ठेचाळीस झालं की पन्नास घेतात, सत्त्याण्णव झालं की शंभर. बावन्नचं पन्नास मात्र कधी होत नाही. तेव्हा "दोन रुपये बघा की सर खिशात" असं ऐकू येतं. माझं भांडण सुट्ट्यांच्या टंचाईशी नाही. ती टंचाई दरवेळी एकाच बाजूला का झुकते, याच्याशी आहे.

नाणी मरतात, यात रडण्यासारखं काही नाही. वर्गात मुलांना पावली आणि आठाणे हे शब्द मला समजावून सांगावे लागतात. उर्दूतली पाई-दमडी आणि मराठीतली पै-कवडी आता म्हणींपुरती उरली आहे. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे चौसष्ट पैसे जाऊन शंभर नवे पैसे आले, तेव्हाही लोक गोंधळले आणि मग रुळले. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी बाद झाली. किमती आणि हिशेब पन्नास पैशांत किंवा पूर्ण रुपयात धरा, असं सरकारने तेव्हाच सांगितलं होतं. ठीकच आहे. पण माणूस मेला तर त्याच्या मालमत्तेची वाटणी नियमाने होते. नाणं मेलं की त्याची वाटणी गल्ल्यावर बसलेला एकटाच करतो.

सरकारला पूर्णांक करणं जमत नाही, असं कुणी म्हणू नये. स्वतःच्या वसुलीसाठी त्याने नियम चोख लिहून ठेवला आहे. जीएसटी कायद्याचं कलम १७० सांगतं की पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया धरा, कमी असतील तर सोडून द्या. पाकीटबंद मालाच्या २०११ च्या नियमांत तर त्याहून चांगली गोष्ट होती. छापील किमतीत पन्नासपेक्षा कमी पैसे उरले तर ते सोडायचे, पन्नासच्या वर पंच्याण्णवपर्यंत असतील तर पन्नासच धरायचे. म्हणजे उतार गिऱ्हाइकाच्या बाजूला. करात नियम आहे, पुड्यावरच्या छपाईत नियम होता. पण गिऱ्हाईक रोख पैसे हातात धरून काउंटरसमोर उभं राहतं, तिथे बिल कुठल्या बाजूला वळवायचं हे सांगणारा नियम नाही. नियम नसतो तिथे ज्याचा गल्ला त्याचा कायदा.

याचा हिशेब मुलांनाही करता येईल. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. पाच रुपयांच्या पुड्यातली करापूर्वीची किंमत ४ रुपये २४ पैसे. त्यावर पाच टक्के धरा, ४ रुपये ४५ पैसे होतात. सरकारने कर सोडला, जाहिराती झाल्या. आता पाच रुपयांचं नाणं घेऊन दुकानात आलेल्या पोराला पंचावन्न पैसे कुठल्या नाण्यांत परत देणार? पाच पैसे चलनातच नाहीत. पन्नास पैसे कायद्याने आजही चालतात, दहा रुपयांपर्यंतचं देणं त्यांत फेडता येतं. पण ते कुणी घेत नाही आणि कुणी देत नाही. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं गुन्हा आहे, आणि छापील किमतीला विकणं अशक्य. दुकानदाराला चोर ठरवायचं आणि गिऱ्हाइकाला मूर्ख, अशी ही व्यवस्था आहे. कागदावर सवलत मिळाली, हातात चॉकलेट आलं. ते चॉकलेट परत नेऊन त्यावर कुणी साखर देईल का? नाही ना? मग ते पैसे नव्हेत.

सार्वजनिक सेवेतही हेच दिसतं. १ जून २०२५ पासून पीएमपीएमएलचं तिकीट दहाच्या पटीत गेलं. पहिल्या पाच किलोमीटरला दहा रुपये, पुढे वीस, तीस. आधी किमान तिकीट पाच रुपये होतं. डिझेल, पगार, दुरुस्ती, सगळं महागलं हे मान्य. दर वाढवायलाही हरकत नाही. पण दहाच्या पटीत तिकीट म्हणजे सुट्ट्यांचा प्रश्न एका फटक्यात सुटला, आणि तो सुटला दोन थांबे जाणाऱ्या बाईच्या पाच रुपयांवर. सोय दोघांची झाली, किंमत एकीने मोजली.

दुकानदाराची बाजूही आहे. बँकेत नाणी मागायला गेलं की "आज नाहीत" ऐकावं लागतं, म्हणून अनेकजण बट्टा देऊन सुट्टे घेतात. टांकसाळीने २०१८ मध्ये माहितीच्या अधिकारात सांगितलं होतं की रुपयाचं नाणं पाडायला १ रुपया ११ पैसे खर्च येतो. पण नाणं एकदाच वापरून फेकत नाहीत. ते वर्षानुवर्षं हजारो हात फिरतं. अकरा पैशांचा तोटा वाचवायला नाणी आखडती घ्यायची आणि गरिबाचा रुपया रोज बुडू द्यायचा, याला काटकसर म्हणत नाहीत.

"मग यूपीआय वापरा" हा सल्ला ठरलेलाच. मोबाइलवाला अठ्ठेचाळीस रुपये देतो आणि अठ्ठेचाळीसच जातात. रोख देणारा पन्नास देतो. रोख कोण देतं? निराधार योजनेचे पैसे काढून आणणारी म्हातारी, रोजंदारीवरचा मजूर, शाळेतलं पोर. एकाच मालाचे दोन भाव झाले, आणि महाग भाव ज्याच्याकडे कमी आहे त्याला. "दोन रुपयांनी काय होतं?" रोज दोन म्हणजे वर्षाला ७३० रुपये. एवढ्यात एका मुलाच्या वर्षभराच्या वह्या येतात. आणि दोन रुपयांनी काही होत नसेल, तर ते दुकानदारानेच सोडून पाहावेत.

कॅनडाने २०१३ मध्ये एक सेंटचं नाणं वाटणं थांबवलं तेव्हा नियम सांगितला. फक्त रोखीला आणि फक्त शेवटच्या बेरजेला पूर्णांक करायचा. एक-दोन सेंट खाली, तीन-चार वर. कार्डाला पूर्ण हिशेब. दक्षिण आफ्रिकेत छोटी नाणी गेल्यावर मोठी दुकानं बेरीज खालीच आणतात. नाणं तिथेही गेलं, गिऱ्हाईक लुटलं गेलं नाही.

आपल्याला तर हे परक्याकडून शिकायचीही गरज नाही. रमजानमध्ये फितऱ्याची रक्कम गव्हाच्या भावावरून काढतात. आकडा पैशांत आला की वरचा पूर्ण आकडा जाहीर करण्याची रीत आहे, म्हणजे पूर्णांकाचा भार देणाऱ्यावर, फायदा गरिबाला. नेमका बाजाराच्या उलट. घेताना पूर्ण मोजून घेणारे आणि देताना कमी देणारे, यांच्यावर कुरआनात एक अख्खी सूरा आहे. बंद्याचा हक्क बंद्यानेच माफ करायचा असतो, हे आपण जुम्याला ऐकतो आणि बाहेर पडल्यावर आपल्याच दुकानात "सुट्टे नाहीत" म्हणतो. गिऱ्हाइकाने लाजेने सोडलेला रुपया म्हणजे त्याने बख्शलेला रुपया नव्हे.

मागणी साधी आहे. पन्नास पैसे ठेवायचे असतील तर बँकेच्या खिडकीवर मिळू द्या. काढायचे असतील तर अधिसूचना काढून काढा आणि त्याच कागदावर लिहा: रोखीत फक्त एकूण बिलाचा पूर्णांक होईल, रुपयाखालचे पैसे गिऱ्हाइकाला सोडले जातील, सुट्ट्यांच्या बदल्यात वस्तू देता येणार नाही. दुकानाच्या दाराशी ही पाटी मराठीत लागू द्या. आणि तोवर, ज्याचं दुकान आहे त्याने आजपासून अठ्ठेचाळीसचे पंचेचाळीस घ्यावेत. सुट्टे त्याच्याकडे नाहीत, गिऱ्हाइकाकडे नव्हे.