शर्यतीच्या गाड्या आणि सरकारी मंजुरी

जप्त केलेले सायलेन्सर भर चौकात ओळीने मांडून त्यांवरून रोडरोलर फिरविण्याचा विधी आपल्या शहरांत अधूनमधून यथासांग पार पडतो. छायाचित्रे निघतात, दुसऱ्या दिवशीच्या अंकात ती छापूनही येतात, आणि रात्री-अपरात्रीच्या त्या कर्णकटू फटफटाटाने झोप उडालेल्या नागरिकाला चार दिवस बरे वाटते. त्या समाधानात मीही वाटेकरी आहे, हे आधीच नमूद केलेले बरे, नाहीतर पुढील मजकूर उड्डाणपुलावर शर्यती लावणाऱ्यांचे वकीलपत्र वाटायचा. तक्रार निराळी आहे. ज्या महाराष्ट्रात पिंपरी-चिंचवडपासून नाशिक-संभाजीनगरपर्यंत मोटारींचे कारखाने उभे आहेत, आणि जेथील उद्यमनगरांत लेथवर बसलेला कारागीर नुसत्या आवाजावरून एंजिनाचे दुखणे ओळखतो, त्या राज्याने वेगाच्या हौसेसाठी दंडाची तरतूद तेवढी केली. जागेची तजवीज मात्र केली नाही.

कायदा आपण समजतो तितका निष्ठुर नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८९ अन्वये सार्वजनिक जागी मोटारींची शर्यत लावणे हा गुन्हा आहे खरा, आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्याचा दंड ५०० रुपयांवरून ५,००० वर नेला हेही खरे. पण तो गुन्हा राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून केला तरच गुन्हा, ही अट त्याच कलमात आहे. कलम ५२ गाडीतील फेरफाराविषयीचे. निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीपुस्तक विसंगत ठरेल असा बदल करू नये, हा त्याचा आशय, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. सार्वजनिक रस्त्यापुरता हा निर्बंध मला मान्य आहे. परंतु त्याच आरटीओच्या दप्तरात सीएनजी किट बसविलेल्या गाड्यांची नोंद रोज होते. म्हणजे बदललेली गाडी तपासून तिला दाखला देण्याचे काम आपल्या शासनयंत्रणेला अगदीच अपरिचित नाही.

या हौसेचा इतिहास जेथे सविस्तर घडला, त्या दक्षिण कॅलिफोर्नियाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. फोर्ड कंपनीने १९३२ साली व्ही-८ एंजिन सामान्य मिळकतीच्या माणसाच्या आवाक्यात आणले, आणि जुनी गाडी स्वस्तात घ्यावी, तिचे मडगार्ड, पायदाने आणि शक्य तेवढे वजन उतरवावे, सिलिंडर हेडचा तळ मशिनवर घासून दाबाचे प्रमाण वाढवावे, जोडीला दुसरा कार्ब्युरेटर बसवावा आणि म्युरॉकच्या कोरड्या सरोवराच्या सपाट तळावर ती पिटाळावी, असा नाद तेथील तरुणांना लागला. १९३७ साली त्यांनी वेळ मोजण्यासाठी रीतसर संघटना स्थापली. पुढे महायुद्ध आले, सरोवर लष्कराकडे गेले; युद्ध संपल्यावर लष्करी कारखान्यांत हात तयार झालेले तरुण घरी परतले आणि शर्यती गावातल्या रस्त्यांवर सुरू झाल्या. तेथील वृत्तपत्रांनी त्यांना उनाड ठरविले. ते पुष्कळसे खरेही होते.

मात्र तेथे गोष्ट रोडरोलरपाशी थांबली नाही. सांता आना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर १९५० साली तिकीट लावून शर्यती सुरू झाल्या. ‘हॉट रॉड’ मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी १९५१ साली राष्ट्रीय संस्था काढली आणि तिची पहिली अधिकृत शर्यत १९५३ साली पोमोना येथे, पोलिसांच्या विरोधाने नव्हे तर सहकार्याने भरली. पुढच्याच वर्षी या संस्थेची माणसे मोटारीला ट्रेलर जोडून देशभर हिंडली, आणि पाव मैलाची शर्यत बिनधोक कशी भरवावी हे गावोगावच्या मंडळांना शिकवीत राहिली. याने अपघात नाहीसे झाले असे कोणी म्हणणार नाही. २००८ साली एका प्राणघातक अपघातानंतर सर्वांत वेगवान वर्गांचे अंतर १,३२० फुटांवरून १,००० फुटांवर आणावे लागले. पण अंतर कमी करण्याचा हुकूम काढायला कोणी तरी जबाबदार होते, हा फरक लहान नव्हे. उड्डाणपुलाखाली मध्यरात्री जमणाऱ्या टोळक्याला कोण हुकूम काढणार?

आपल्याकडेही मद्रासजवळच्या शोलावरमला महायुद्धकालीन धावपट्टीवर अशाच शर्यती भरत, आणि कोइमतूरच्या करिवर्धन यांनी मारुती ८०० चे एंजिन चालकाच्या पाठीमागे बसवून ‘फॉर्म्युला मारुती’ ही एकासनी गाडी तयार केली, तिच्यात नरेन कार्तिकेयनसारखे चालक घडले. करिवर्धन यांच्या नावाची धावपट्टी आज कोइमतूरजवळ आहे. विद्यार्थ्यांची ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धा तिथेच भरते, आणि पुण्या-मुंबईची अभियांत्रिकीची मुले वर्षभर खपून बांधलेली गाडी ट्रकवर चढवून तिथवर नेतात. तेथील तपासणी पाहण्याजोगी असते. गाडी ६० अंशांत तिरपी करून इंधनाचा थेंब गळतो का ते बघतात. ब्रेक दाबताच चारही चाके जागी अडकली पाहिजेत. पट्टे बांधून बसलेल्या चालकाने पाच सेकंदांत बाहेर यायला हवे. आणि सायलेन्सरचा आवाज यंत्राने मोजतात, तो मर्यादेबाहेर गेला तर गाडी उभीच राहते. ज्या आवाजाचा आपण चौकात चुराडा करतो, त्याला तेथे मोजमाप आहे. आमच्या मुलांनी ही शिस्त शिकायला परमुलखात का जावे, याचे उत्तर मंत्रालयातील एखाद्या टेबलाने द्यावे.

हा श्रीमंतांचा खेळ आहे, हा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि ग्रेटर नोएडाच्या सर्किटकडे पाहिले तर तो निराधारही नाही. तेथे फॉर्म्युला वन २०११ ते २०१३ एवढीच टिकली आणि करांच्या वादात संपली. पण त्याच सर्किटवर २०१४ पासून टाटांनी ट्रकच्या शर्यती भरविल्या, आधी परदेशी चालक आणले, आणि २०१६ साली महामार्गावर आयुष्य काढणाऱ्या आपल्या ट्रकचालकांना प्रशिक्षण देऊन त्याच चाकामागे बसविले. श्रीमंतीचा आक्षेप त्यांना कसा लावायचा?

शिवाय तसले भव्य सर्किट मी मागतच नाही. राज्यात जिल्ह्याजिल्ह्यांत क्वचितच विमान उतरणाऱ्या धावपट्ट्या आहेत. त्यांपैकी एखादी महिन्यातून एक रविवार द्यावी. चारशे मीटर अंतर, दोन्ही बाजूंना कठडे, रुग्णवाहिका, अग्निशामक बंब, तपासणीचे टेबल, आणि परवाना व विम्याशिवाय प्रवेश नाही असा सक्त नियम. बदललेली गाडी तेथवर ट्रेलरवरच आणावी. खर्च प्रवेशशुल्कातून निघावा. यासाठी नवा कायदा नको, कलम १८९ मधील लेखी संमती पुरते. प्रश्न उरतो तो फाइल परिवहन, उद्योग की गृह या खात्यांपैकी कोणी उघडावी एवढाच. माझ्या मते ती गृहखात्याने उघडावी, कारण शनिवारी रात्री पुलाच्या तोंडाशी नाकाबंदी करून पहाटेपर्यंत उभे राहण्याचा भुर्दंड आज त्याच खात्याचे शिपाई सोसत आहेत.