हवा आपल्या हातची

मैत्रिणींनो, टायरची हवा म्हटलं की आपण अजूनही घरातल्या पुरुषांकडे नाहीतर पंक्चरवाल्याकडे बघतो. गाडीतच कायमचा बसवलेला कॉम्प्रेसर दणकट असतो, हवा झटपट भरतो, हे खरं. पण तो त्या एकाच गाडीचा. शिवाय बसवायला मेकॅनिक लागतो. मला विचाराल तर पर्समध्ये मावणारा, बॅटरीवर चालणारा छोटा पंपच आपला! आज कार, उद्या स्कूटी, परवा लेकीची सायकल. टायर थंड असताना, पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतकीच हवा भरायची, बस्स. पंक्चर तो काढत नाही. पण हवा हळूहळू जात असेल, तर दुकानापर्यंत पोचता येतं. अंधारात रस्त्यावर कुणाची वाट बघत उभं राहण्यापेक्षा हे बरं नाही का?