मासळीची विकरे की पपईचा चीक?

सिन्नर तालुक्याचा पूर्वभाग अवर्षणप्रवण असून शेळीपालन हा तेथील अनेक कुटुंबांचा भरवशाचा जोडधंदा आहे. नाशिक, अहिल्यानगर व पुणे या जिल्ह्यांतील संगमनेरी शेळी दूध व मांस या दोहोंसाठी पाळली जाते. परंतु वेते संपलेली शेळी बाजारात नेली असता तिला कोवळ्या बोकडाचा भाव येत नाही. वयाबरोबर स्नायूंना बांधणाऱ्या कोलॅजेन तंतूंचे जोड पक्के होत जातात आणि मांस चिवट बनते, हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

मासळी साफ करताना टाकून दिलेल्या जठर-आतड्यांतील विकरे, म्हणजेच एंझाइमे, वापरून हा चिवटपणा घालवावा, अशी एक कल्पना आहे. त्या भागांत पेप्सिन व ट्रिप्सिन ही प्रथिने तोडणारी विकरे असतात, यात शंका नाही. टाकाऊतून धन निर्माण करण्याचा हा विचार स्तुत्यच आहे. तथापि सिन्नरच्या शेतकऱ्याने तो जसाच्या तसा उचलू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पेप्सिनला तीव्र आम्लता लागते, तर ट्रिप्सिनला किंचित अल्कता. मांसाचा सामू मात्र ५.५ ते ६ च्या आसपास असतो. शिवाय मासळीची आतडी तत्काळ बर्फात न ठेवल्यास सडतात, आणि सिन्नर तर समुद्रापासून दूर, घाटावर आहे. शुद्ध न केलेला असा अर्क अन्नात घालणे धोक्याचे. कित्येकांना मासळीची ॲलर्जीही असते.

याउलट कच्च्या पपईतील पपेन हे विकर मांसाच्या सामूतही चांगले कार्य करते. आपल्या गृहिणी मटणाला कच्च्या पपईचा कीस लावतात, त्यामागील शास्त्र हेच. मात्र प्रमाण बेताचे असावे. कीस फार वेळ राहिल्यास मांसाचा लगदा होतो. पूर्ण वाढलेल्या हिरव्या फळांवर सकाळी उथळ चिरा पाडून चीक गोळा करता येतो. तो त्वचेला झोंबतो, म्हणून हातमोजे अवश्य वापरावेत. चीक काढलेली फळे टुटीफ्रुटीसाठी उपयोगी पडतात.

मासळीच्या विकरांचे खरे स्थान किनाऱ्यावरच आहे. तेथे फॉर्मिक आम्ल घातलेले मासळीचे अवशेष स्वतःच्याच विकरांनी पातळ होतात व त्यांपासून कोंबड्यांचे प्रथिनयुक्त खाद्य बनविता येते.

सिन्नरच्या शेळीपालकांनी मात्र बांधावर पपईची चार झाडे लावावीत, आणि गट करून म्हाताऱ्या जनावराचे मांस पपई लावून, तसे ग्राहकास स्पष्ट सांगून, परवानाधारक विक्रेत्यामार्फत विकावे. असे झाल्यास म्हाताऱ्या शेळीच्या भावात पडणारी तूट काही अंशी तरी भरून निघेल.