कुंडीतील लसूण, डबीतील गोळी

आश्विन सरत आला की मुळशी तालुक्यात भात पिवळे पडू लागते आणि दवाखान्यात येणाऱ्या मंडळींचे बोलणे खोकल्या-तापावरून हळूहळू परसबागेकडे वळते. यंदा अनेकांनी मला एकाच दमात दोन प्रश्न विचारले. घरी लसूण लावता येईल का? आणि घरचा लसूण खाल्ला तर रक्तदाबाची गोळी सुटेल का? पहिल्याचे उत्तर ‘होय’ आहे, दुसऱ्याचे ‘नाही’. दोन्ही उत्तरे थोडी विस्ताराने द्यावीत, म्हणून आजचा हा लेख.

लागवडीच्या उत्साहामागे बाजारभावही आहे. २०२४ साली किरकोळ बाजारात लसूण किलोमागे चारशे रुपयांच्या पुढे गेला, तेव्हापासून अनेकांची दृष्टी गॅलरीतील रिकाम्या कुंडीकडे गेली. मात्र हिशेब आधीच स्पष्ट असू द्या. बारा इंची कुंडीत सहा-सात पाकळ्या मावतात आणि एका पाकळीचा एकच गड्डा होतो. कुटुंबाचा वर्षाचा लसूण कुंडीत पिकत नाही. कुंडी पातीसाठी आणि वाफा गड्ड्यासाठी, असे मनाशी ठरवले तर निराशा होणार नाही.

लसणाला आधी थंडी हवी आणि मग वाढत जाणारा दिवस. थंडीत पात वाढते. पुढे दिवस मोठा व उबदार होऊ लागला की पात थांबते आणि गड्डा भरू लागतो. म्हणून आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबर हाच लागवडीचा काळ. डिसेंबर उजाडला की पातीला वाढायला वेळ उरत नाही आणि गड्डा लहान राहतो. मुळशीत परतीचा पाऊस रेंगाळतो, त्यामुळे कोजागरी उलटू द्यावी आणि दिवाळीच्या आगेमागे पाकळ्या मातीत घालाव्यात.

लसणाला आपल्याकडे बी धरत नाही. पाकळी हेच बियाणे. तेव्हा सारी मदार पाकळीच्या निवडीवर. उत्तरेच्या पहाडी भागातील टपोऱ्या पाकळ्यांचा लसूण पाहून मोह होतो, पण अशा जातींना गड्डा धरण्यासाठी आपल्याकडे मिळतो त्याहून मोठा दिवस लागतो. येथे त्यांची पात तेवढी माजते. आपल्या जिल्ह्यातच, राजगुरुनगर येथे, कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. तेथील ‘भीमा ओंकार’ आणि ‘भीमा पर्पल’ या जाती आपल्या हवेला मानवतात. (मुळशीची मुळा नदीही शेवटी भीमेलाच मिळते, तेव्हा नात्याने हे बियाणे परके नव्हे.) ते न मिळाल्यास आठवडे बाजारातील गावरान लसूण घ्यावा. गड्डा लावण्याच्या दिवशीच फोडावा, बाहेरच्या कडेच्या मोठ्या पाकळ्या निवडाव्यात आणि साल काढू नये.

येथे एक गैरसमज दूर करतो. एकाच पाकळीचा गोल लसूण ‘औषधी’ म्हणून चढ्या भावाने विकला जातो. पाकळी फार लहान असली, लागवड उशिरा झाली किंवा पुरेशी थंडी मिळाली नाही, तर साध्या लसणाचाही असा एकपाकळी गड्डा होतो. तुमच्या वाफ्यात असे दोन-चार निघाले तर ते भाजीत घालावेत. त्यांना देव्हाऱ्यात ठेवण्याचे कारण नाही.

भातखाचरातील चिखलणी केलेली माती वाळली की घट्ट बसते आणि तीत गड्डा फुगत नाही. म्हणून परसात वीतभर उंचीचा गादीवाफा करावा आणि त्यात भरपूर कुजलेले शेणखत मिसळावे. कुंडी निदान वीतभर खोल, तळाला भोके असलेली आणि दिवसाचे सहा तास ऊन मिळेल अशा जागी असावी. पाकळीचे टोक वर, बूड खाली. वर दोन-तीन सेंटिमीटर माती. दोन पाकळ्यांत चार बोटे अंतर. लावल्याबरोबर पाणी द्यावे. त्यानंतर मातीत बोटाचे पहिले पेर खुपसून पाहावे आणि कोरडे लागले तरच पाणी घालावे. लसूण पाण्यावाचून क्वचित मरतो, पाण्याने पुष्कळदा कुजतो.

वाफ्यावर भाताचा पेंढा अंथरला तर ओल टिकते, तणही कमी येते. पण पेंढ्याखाली विंचू आसरा घेतो, तेव्हा हात घालण्यापूर्वी काठीने पेंढा हलवावा. शेणखताच्या मातीत काम करणाऱ्या प्रत्येकाने धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन कधी घेतले ते आठवून पाहावे. दहा वर्षे उलटली असल्यास ते घ्यावे. मधुमेहींनी वाफ्यात अनवाणी उतरू नये.

महिना-दीड महिन्यात पात खुडण्याजोगी होते. ज्या रोपाचा गड्डा हवा, त्याची पात तोडू नये. पातीसाठी वेगळी कुंडी राखावी. कोवळी पात, हिरवी मिरची, शेंगदाणे यांचा ठेचा आणि तांदळाची भाकरी ही या लागवडीची पहिली कमाई. घरातील वृद्धांना रोज सकाळी कुंडीपाशी वाकावे लागते, उन्हात दहा मिनिटे उभे राहावे लागते, हा लाभही मी लसणाच्याच खात्यावर मांडतो.

आता गोळीचा प्रश्न. लसूण ठेचला की त्यातील दोन घटक एकत्र येऊन ॲलिसिन तयार होते. तो उग्र वास त्याचाच. ठेचून काही मिनिटे तसाच ठेवून मग फोडणीत घातला तर हे द्रव्य तयार व्हायला अवसर मिळतो. रक्तदाबावर लसणाचा परिणाम काही चाचण्यांत दिसला आहे, पण तो माफक आहे आणि त्या चाचण्यांत बहुधा ठरावीक मात्रेच्या लसूण-गोळ्या दिल्या होत्या. आपल्या वाफ्यातील पाकळीत किती द्रव्य आहे, हे कोणी मोजलेले नसते. दाब वाढला तरी बहुधा काही दुखत नाही. त्यामुळे गोळी सोडणाऱ्यास आठ-पंधरा दिवस ‘लसूण लागू पडला’ असेच वाटते, आणि पहिले लक्षण पक्षाघाताच्या रूपाने समोर येऊ शकते. गोळी चालू ठेवा, लसूणही खा, आणि दाब मोजून घ्या. आकडा खाली आला तर गोळी कमी करण्याचा विचार तुमचे डॉक्टरच करतील.

ज्यांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी रोज उपाशीपोटी कच्च्या पाकळ्यांचा नेम धरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. शस्त्रक्रिया किंवा दात काढणे ठरले असल्यास हा नेम तेथेही आठवणीने सांगावा. स्वयंपाकातील लसणाबद्दल हे म्हणणे नाही. ताजा ठेचलेला लसूण कातडीवर बांधून ठेवू नये, तान्ह्या बाळाच्या तर नाहीच. त्याने भाजल्यासारखे फोड येतात.

आयुर्वेदाने लसणास ‘रसोन’ म्हटले. सहा रसांपैकी एक आम्लरस त्यात उणा आहे, असा त्या नावाचा अर्थ सांगतात. ही उणीव आजच्या स्वयंपाकघरातही लक्षात ठेवण्याजोगी आहे. बोट्युलिझम हा विषार निर्माण करणाऱ्या जंतूचे बीजाणू मातीत असतात आणि मातीतून निघालेल्या लसणावरही ते असू शकतात. जेथे हवा नाही, आंबटपणा नाही आणि ओल आहे, तेथे ते वाढतात. सोललेला लसूण तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवली की या तिन्ही गोष्टी जमून येतात. १९८५ साली कॅनडातील व्हँकुव्हर शहरात तेलातील अशाच लसणामुळे तीसहून अधिक लोकांना हा विषार झाला होता. वास-चव बिघडलेली नसतानाही विष असू शकते. तेलातील लसूण करायचाच असेल तर थोडा करावा, शीतकपाटात ठेवावा आणि तीन-चार दिवसांत संपवावा. लोणचे भरपूर लिंबूरस किंवा व्हिनेगर आणि मीठ घालूनच करावे. कोरड्या चटणीला हे भय नाही. असे काही खाल्ल्यावर एकाचे दोन दिसू लागले, पापण्या मिटू लागल्या किंवा गिळणे अवघड झाले, तर तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पात पिवळी पडून माना टाकू लागली की पाणी तोडावे. पंधरवड्याने गड्डे पातीसकट उपटावेत, धुऊ नयेत, आणि सावलीत आठ-दहा दिवस सुकवून पातीची वेणी घालून टांगावेत. मुळशीच्या पावसाळी हवेत गड्डे लवकर बुरशी धरतात. ज्यांच्या घरी अजून चूल आहे, त्यांनी वेणी चुलीवरच्या आढ्याला बांधावी. इतरांनी वारा खेळेल अशा कोरड्या कोपऱ्यात. काळी भुकटी धरलेली किंवा मऊ पडलेली पाकळी टाकून द्यावी. सर्वांत भरदार चार गड्डे मात्र चटणीपासून वाचवून, चिठ्ठी बांधून, पुढच्या कोजागरीसाठी वेगळे टांगावेत.