बिनपिसांचा बाण

‘विषयाची पुंखानुपुंख चर्चा झाली,’ असे आपण सभांच्या वृत्तांतात नेहमी वाचतो. चर्चा कितपत झाली ते सभेला गेलेल्यांनाच ठाऊक. पण शब्द मोठा नामी आहे. पुंख म्हणजे बाणाचा मागचा, पिसांचा भाग. एका बाणाच्या पुंखामागोमाग दुसऱ्याचा पुंख यावा, मध्ये फट म्हणून राहू नये, ते पुंखानुपुंख! या पिसांचे महत्त्व आपल्या भाषेने असे केव्हाच ओळखले आहे. पण वाचकहो, पिसे काढून टाकलेला बाणही बोलतो, आणि पिसांचा बाण जे लपवतो नेमके तेच बोलतो, हे मला कळले ते माझ्या भाचीमुळे.

साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ साली बर्लिनला जागतिक अजिंक्यपद मिळवले, तेव्हा ती अवघी सतरा वर्षांची होती. वर्तमानपत्रातले तिचे छायाचित्र पाहून आमच्या भाचीनेही धनुष्याचा हट्ट धरला. अदितीचे धनुष्य कप्प्यांचे, म्हणजे कंपाउंड. भाचीने घेतले ते रिकर्व्ह. धनुष्य नवे आले, बाण मात्र क्लबातल्या एका थोराड मुलाने वापरून सोडलेले. मध्यमवर्गीयाच्या घरात पुस्तके आणि सायकली येतात, तसेच तेही आले.

निवड चाचणी दोन महिन्यांवर आली आणि पोरीचे गणित बिघडले. एक बाण मध्यावर, तर दुसरा डाव्या कडेला! तिने खांदा सुधारला, बोटे सुधारली, रात्री उशीत तोंड खुपसून रडूनही घेतले. मेहुणे म्हणाले, “कर्ज काढू, पण भारी धनुष्य घेऊ.” आजी म्हणाल्या, “झेपत नसेल तर सोडून दे बाई.” आणि ती मला म्हणाली, “मामा, माझा हातच वाईट आहे.” पंधराव्या वर्षी अशी समजूत एकदा मनात बसली की ती धनुष्यापुरती राहत नाही. मला काळजी वाटली ती त्याची.

तिच्या सरांनी मात्र ना धनुष्य बदलायला सांगितले, ना हात. त्यांनी सहांपैकी दोन बाणांची पिसे सोलून काढली. पिसे म्हणायचे इतकेच. हल्ली ती प्लॅस्टिकची पातळ पाती असतात. गेलेल्या वजनाची भरपाई म्हणून तिथे चिकटपट्टीचा वेढा दिला आणि अठरा मीटरवरून साही बाण एकाच ठिकाणी नेम धरून मारायला सांगितले. क्लबातली मुले याला ‘बेअर शाफ्ट’ म्हणतात.

यातली मेख अशी. बोटांवरून सुटताना दोरी किंचित बाजूला सरकते, त्यामुळे बाण सरळ न जाता आधी वाकतो, मग उलट वाकतो, आणि असा मासोळीसारखा वळवळत धनुष्याला वळसा घालून निघतो. मागची पिसे वाऱ्याला अडवून त्याची शेपटी लवकर ताळ्यावर आणतात. म्हणजे ती बाणाला सांभाळतात आणि त्याचा दोषही झाकतात. पिसे काढली की झाकायला कोणी उरत नाही.

उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बिनपिसांचा बाण पिसांच्या बाणांच्या डावीकडे लागला, तर तो त्या धनुष्याच्या मानाने फार ताठ. उजवीकडे लागला तर फार लवचीक. वर लागला तर दोरीवर बाण अडकवण्याची जागा फार खाली आहे, खाली लागला तर फार वर. आधी वर-खालीचा हिशेब मिटवायचा, मग डाव्या-उजव्याचा. पण त्याही आधी एक गोष्ट पाहायची. बिनपिसांचे बाण दरवेळी वाटेल तिकडे विखुरले, तर दोष सोडणाऱ्या हाताचा. ते दरवेळी एकाच जागी, पण पिसांच्या बाणांपासून दूर लागत असतील, तर दोष जुळणीचा.

भाचीचे दोन्ही बाण वीतभर डावीकडे, एकमेकांना खेटून बसले. सरांनी तीनदा मारायला लावले, तिन्ही वेळा तेच. “बघ, हात किती सारखा आहे तुझा!” ते म्हणाले. बाण त्या थोराड मुलाच्या जोरदार धनुष्यासाठी घेतलेले, तिच्यासाठी जरा ताठ होते. बाणाची दांडी २८ इंचांच्या दोन टेकूंवर ठेवून मध्ये सुमारे ८८० ग्रॅम वजन टांगतात. ती अर्धा इंच झुकली तर तिचा आकडा ५००. आकडा जितका लहान, तितका बाण ताठ. हा आकडा बाणावर छापलेला होता, आमच्यापैकी कोणी वाचला नव्हता इतकेच.

उपाय स्वस्तात झाला. टोके थोडी जड बसवली, म्हणजे सुटताना बाण अधिक वाकतो. बाणाला बाजूने टेकणाऱ्या प्लंजरची स्प्रिंग जराशी सैल केली. दोन संध्याकाळी खर्ची पडल्या आणि बिनपिसांचे बाण पिसांच्या बाणांत येऊन बसले. मेहुण्यांचे कर्ज वाचले.

निवड मात्र झाली नाही. दोन गुणांनी हुकली. मी समजूत घालायला गेलो, तर ती चिवडा खात वहीत काही लिहीत होती. म्हणाली, “मामा, शेवटचे दोन बाण मीच घाईने सोडले. आता चुकतो तो माझा असतो, त्यामुळे सुधारता येतो.” समजूत घालायचे काम उरले नाही, मी चिवड्यालाच हात घातला.

आपले मूल कशात मागे पडले की आपण लगेच त्याच्या हाताला नावे ठेवतो, नाही तर महागडे धनुष्य आणायला धावतो. त्याला दिलेला बाण कोणाच्या मापाचा आहे, हे पाहायचे राहून जाते. या दिवाळीत तेवढे पाहावे. आणि हो, पाहून झाले की पिसे पुन्हा लावावीत. भाचीचे सरही परीक्षेनंतर तेच करतात. स्पर्धेला बिनपिसांचा बाण कोणी नेत नाही.